नायगावच्या मोरांच्या रानात एक रविवार

सुटी आली की कुठे जायचे, हा प्रश्न आपल्या घरांतून फारसा पडत नाही. चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि सहा डिसेंबर या दिवसांचे प्रवास ठरलेले असतात. उरलेल्या सुट्या नात्यातल्या लग्नकार्यात जातात. पण केवळ हिंडण्यासाठी आणि पाहण्यासाठी घरातल्या लहानथोरांनी मिळून एखाद्या रानात जावे, ही रीत आपल्यात अजून म्हणावी तशी रुजलेली नाही. त्याला कारण आहे, आणि ते आमच्या आईच्या तोंडून आम्हाला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळाले.

भाद्रपदातल्या एका रविवारी नायगावला जायचे ठरले. धाकट्याने आजीला विचारले, "आजी, तू पण येतीस ना रानात?" आई निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाली, "रानात काय पाहायचं रे? अर्धा जन्म रानात गेला माझा. मोळ्या वाहून वाहून मान बसली. तुम्ही या पाहून."

आम्ही गप्प झालो. आमच्या आधीच्या पिढीने रान पाहिले ते असे. सरपणासाठी, गवतासाठी, डिंकासाठी, दुष्काळात खडी फोडण्यासाठी. रानात जाणे म्हणजे काम, आणि रानातून परत येणे म्हणजे डोक्यावर ओझे. अशा माणसाला 'चला, रानात सहलीला' म्हटले तर त्याला हसू येणारच. शेवटी थोरलीने हट्ट धरला, "आजी नाही तर मीही नाही." तेव्हा कुठे आईने लुगड्याचा पदर खोचला आणि दशम्या करायला घेतल्या.

वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण आपल्या बीड जिल्ह्यात मोरांसाठी राखलेले एक अभयारण्य आहे. पाटोदा तालुक्यातील नायगावचे हे मयूर अभयारण्य १९९४ मध्ये घोषित झाले. त्याचा विस्तार सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतले हे रान दाट अरण्य नव्हे. हा सगळा काळ्या बसाल्टचा, कमी पावसाचा मुलूख. खुरटी झाडे, काटेरी झुडपे, मधूनमधून गवताचे माळ आणि ओढ्यांच्या घळी. परंतु मोराला हेच हवे असते. पळायला आणि नाचायला मोकळी जागा, लपायला झुडूप, रात्री बसायला उंच झाड आणि प्यायला जवळ पाणी. दाट झाडीत एवढा पिसारा घेऊन तो वावरणार कसा?

बीडहून सकाळच्या एस.टी.ने आम्ही निघालो. अभयारण्यात शिरायचे तर वनखात्याची परवानगी लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा तो नियमच आहे. ती आम्ही आधी घेऊन ठेवली होती. वनखात्याकडे रोजंदारीवर काम केलेले गावातले एक मामा वाट दाखवायला बरोबर आले. डोक्याला मुंडासे, हातात काठी आणि पायात टायरच्या चपला असा त्यांचा वेश. आमच्या पोरांच्या पायांतले पांढरे बूट पाहून ते म्हणाले, "मोजे नीट वर वढा रे. कुसळं लई झाल्यात औंदा." दुपारपर्यंत त्या म्हणण्याचा अर्थ आम्हा सर्वांना कळला. कुसळी गवताचे काटे मोज्यातून काढता काढता धाकटा रडकुंडीला आला.

आम्ही चाललो ती वाट वर्तुळासारखी आहे. गावातून निघायचे, पाणंदीने डोंगराच्या सोंडेवर चढायचे, पठारावरून वळसा घालायचा, पलीकडच्या घळीत उतरायचे, ओढ्याकाठच्या वाडीतून पाझर तलावाच्या बांधावर यायचे आणि पुन्हा नायगाव. मामांच्या हिशेबाने सात-आठ किलोमीटर. थांबत, खात, पाहत गेल्यास पाच तास पुरतात. चढ एकच, तोही सुरुवातीला. आईसारख्या सत्तरीच्या बाईला आणि आठ वर्षांच्या मुलाला ही वाट झेपली, म्हणून ती सर्व कुटुंबांना झेपेल असे आम्ही खात्रीने सांगतो.

परदेशात अशा वाटा मुद्दाम आखतात. जर्मनीतील 'ब्लॅक फॉरेस्ट' या डोंगराळ भागात पायी हिंडणाऱ्यांची एक संस्था १८६४ पासून आहे. तिचे सभासद झाडांवर आणि खांबांवर वाटेच्या खुणा लावतात, जुन्या झाल्या की बदलतात. त्या खुणा पाहत नवखे कुटुंबसुद्धा खेड्यापाड्यांतून फिरून बरोबर सुरुवातीच्या जागी परत येते. आपल्या नायगावला अशी खूण आम्हाला कुठे दिसली नाही. पण वाट आहे. ती गुरांनी पाडली, सरपणाला जाणाऱ्या बायकांनी पाडली, शाळेला जाणाऱ्या पोरांनी पाडली.

चढ संपला तेथे एका धावड्याच्या सावलीत आम्ही टेकलो. आई मात्र बसली नाही. ती झाडाच्या खोडावरून हात फिरवीत उभी होती. "हा धावडा. याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवाला." मग तिची जीभ जी सुटली ती सुटलीच. पळसाची पाने कशी टाचायची, पत्रावळीला कोणती आणि द्रोणाला कोणती. खैराचे लाकूड जळायला चिवट. हिवराच्या काट्याची जखम लवकर भरत नाही. पिवळ्या फुलांचे तरवड दुष्काळातही हिरवे राहते, कारण गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. थोरली शाळेच्या वहीत भराभर लिहून घेत होती. सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात यातले एकही नाव तिला भेटलेले नव्हते. शाळेचे तोंड न पाहिलेली तिची आजी त्या दिवशी तिची बाई झाली.

पुढे उतारावर सीताफळाची झाडे लागली. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बालाघाटच्या खडकाळ उतारांवर ते लावावे लागत नाही, आपले आपण उगवते. धाकटा फळ तोडायला धावला तर आईने त्याचा हात धरला. "डोळे उघडलेत का त्याचे? बघ आधी." सीताफळाच्या खवल्यांमधल्या रेषा रुंद होऊन पांढुरक्या दिसू लागल्या, म्हणजे डोळे उघडले, तेव्हाच ते तोडायचे असते. शिवाय अभयारण्यातल्या फळावर पहिला हक्क पाखरांचा, हेही मामांनी सांगितले.

आणि मोर? वाचक केव्हापासून हाच प्रश्न मनात घेऊन बसले असतील. मोर दिसण्याआधी ऐकू येतो. घळीच्या पलीकडून मांजराने मोठ्याने ओरडावे तसा आवाज आला आणि मामांनी काठी आडवी धरली. सगळे जागच्या जागी थांबलो. बोरीच्या जाळीतून आधी दोन लांडोरी निघाल्या, त्यांच्यामागे अर्धी वाढलेली तीन पिल्ले आणि सर्वात मागे मोर. पण त्याचा पिसारा झडलेला! दोन-चार लांब पिसे तेवढी मागे लोंबत होती. धाकटा हिरमुसून म्हणाला, "हा तर कोंबड्यावाणी दिसतोय." मामा हसले. पावसाळ्याच्या सुरुवातीला मोराचा पिसारा भरात असतो, तेव्हा तो नाचतो. लांडोर जमिनीवरच खळगा करून चार-सहा अंडी घालते. पावसाळा सरत आला की मोराची पिसे गळतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत नवी येतात. ज्यांना नाच पाहायचा असेल त्यांनी मृगाचा पाऊस पडल्यावर, पहाटे किंवा तिन्हीसांजेला यावे. ज्यांना लेकरांना पिल्ले दाखवायची असतील त्यांनी आमच्यासारखे भाद्रपदात यावे.

मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे. पण त्याच्या रक्षणाचा विचार या भूमीवर फार जुना आहे. सम्राट अशोकाने गिरनारच्या खडकावर कोरलेल्या पहिल्याच शिलालेखात मोराचा उल्लेख आहे. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज लाखो प्राणी मारले जात, असे त्यात म्हटले आहे. लेख कोरला त्या काळी फक्त तीन उरले होते, दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही. पुढे हेही तीन मारले जाणार नाहीत, असे अशोकाने त्यात जाहीर केले. दुसऱ्या एका स्तंभलेखात त्याने विनाकारण रानाला आग लावण्यास मनाई केली आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ही आज्ञा आजही बालाघाटला लागू आहे. उन्हाळ्यात इथले गवत वाळून कोळ होते आणि कुणाच्या तरी विडीच्या थोटकाने वणवा लागून लांडोरींच्या लपण्याच्या जाळ्या आणि सरड्या-सशांचे आसरे जळून जातात.

मोरांची दुसरी बाजूही मामांनी सांगितली, ती लपवून चालणार नाही. पेरणी झाली की मोर शेतात उतरतात आणि दाणे उकरून खातात. डोंगराच्या पायथ्याला ज्याची एकर-दीड एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याला हे नुकसान झेपत नाही. "मोर दिसायला लई चांगला, पर दुबार पेरायला बी कोण देणार?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. शहरातून येऊन 'वा, काय सुंदर' म्हणणे सोपे आहे. मोर जगला तो सरकारी कागदामुळे, तसाच या लहान शेतकऱ्यांच्या सोसण्यामुळेही.

पठारावरून दिसणारा देखावा मात्र विसरता येणार नाही. मामांनी उत्तरेकडे काठी केली. तिकडचे पाणी सिंदफणेला जाते आणि तिथून गोदावरीला. दक्षिणेच्या उतारांवरचे पाणी सीना नदीला, तिथून भीमेला आणि पुढे कृष्णेला. मांजरा नदीही याच पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगम पावते आणि लातूरवरून दूर तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. एवढ्या नद्यांना पाणी देणारा हा डोंगर, आणि त्याच्याच कुशीतल्या वाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. पोरांना भूगोल शिकवायचा तर याहून चांगला फळा कुठला?

डोंगराच्या पायथ्याला गायरानाच्या कडेने काही लहान तुकडे कसलेले दिसले. गायरान म्हटले की मराठवाड्यातल्या आपल्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही. दादासाहेब गायकवाडांचा १९५९ चा आणि १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह घराघरांत ठाऊक आहे. पुढे १९९० पर्यंतची दलित भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. कागद निघाला तरी सातबारा हाती येत नाही, हे ओळखून याच बीड जिल्ह्यातले एकनाथ आवाड (१९५६-२०१५) यांनी गायरानाच्या लढ्याला आयुष्य दिले. आमच्या मुलांना हे नाव माहीत नव्हते. ते आम्ही त्या तुकड्यांच्या बांधावर उभे राहून सांगितले.

दुपारी एकच्या सुमारास ओढ्याकाठच्या वाडीत उतरलो. बरोबरचे पाणी संपले होते. एका घरासमोर पाचवी-सहावीतली एक मुलगी शेळीला पाला टाकीत होती. तिने विचारले, "कुठं चाललाव?" थोरलीने सांगितले, "कुठं नाही, रान पाहायला आलोत." मुलगी अवाक झाली. "नुसतं हिंडायला? इतक्या लांबून?" तिला ते खरेच वाटेना.

तिची आई बाहेर आली. लेकरे पाहून तिने घरातून पाण्याची कळशी आणि तांब्या आणला. पोरांनी आणि आम्ही तांब्यानेच पाणी प्यायलो. आईची पाळी आली तेव्हा ती दोन पावले मागे सरली, खाली वाकली आणि तिने ओंजळ पुढे केली. कुणी सांगितले नव्हते, कुणी काही विचारले नव्हते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी रानातून येताना ज्या दारांत तिने पाणी मागितले होते, त्या दारांनी तिच्या अंगाला लावलेली ती सवय होती. बाई म्हणाली, "मावशी, असं काय करता? धरा की तांब्या." आणि तिने तांब्या आईच्या हातात दिला. आई पाणी प्यायली. तांब्या परत देताना तिचा हात किंचित थरथरत होता. थोरलीने ते सगळे पाहिले.

हे सर्वत्र असेच घडते, असे म्हणण्याचा भोळेपणा आम्ही करणार नाही. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी हाती घेतले, त्याला शंभर वर्षे होत आली आणि तरी पाण्यावरून माणसाला मारल्याच्या बातम्या आपण अजून वाचतो. पण त्या वाडीत त्या बाईने आम्हाला जात विचारली नाही, एवढे खरे आहे. ते लिहून ठेवलेच पाहिजे.

तिच्याच ओट्यावर बसून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा असे जेवण झाले. बोलता बोलता कळले की दसरा-दिवाळी झाली की हे घर बंद होणार. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि मग पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या हद्दीत पाच-सहा महिने ऊसतोड. वाडीतली निम्मी घरे अशीच कुलूपबंद होतात. "हिला यंदा नेणार नाही," बाई मुलीकडे पाहून म्हणाली, "आजीपाशी ठेवणार. शाळा बुडती." ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना शासनाने २०२१ मध्ये मंजूर केली आहे, ती आम्ही तिला सांगितली. तालुक्याला चौकशी करायची कशी, तेही वहीच्या पानावर लिहून दिले. पाण्याच्या बदल्यात आमच्याकडे देण्यासारखे तेवढेच होते.

ती मुलगी आमच्याबरोबर पाझर तलावापर्यंत आली. तिने पोरांना सुगरणीची घरटी दाखवली आणि तित्तराची हाक काढून दाखवली. तलावाच्या बांधावर आई थबकली. "असलेच बांध आम्ही घातले बहात्तरच्या दुष्काळात," ती म्हणाली. "दिवसभर माती वाहायची अन् लेकरांना सुकडी मिळायची." त्या दुष्काळी कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वाढली आणि २००५ मध्ये देशभरासाठी तसा कायदा झाला. पण पोरांना कायद्यापेक्षा आजीच्या डोक्यावरची पाटी जास्त कळली. धाकट्याने विचारले, "मग हे पाणी तुझं आहे का?" आई हसली. म्हणाली, "माझं म्हण, नाहीतर त्या मोराचं म्हण. पितो तर तोच."

चारच्या सुमारास आम्ही पुन्हा नायगावात होतो. वाट जिथे सुरू झाली तिथेच संपली.

ज्या वाचकांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी थोड्या सूचना. परवानगी आधी घ्यावी आणि गावातला माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घेऊन त्याची मजुरी चोख द्यावी. माणशी दोन लिटर पाणी, दशम्या किंवा भाकरी, डोक्याला रुमाल आणि पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. परतीच्या एस.टी.ची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी. मोबाइलवर गाणी लावू नयेत, प्लास्टिक रानात टाकू नये, विडी-काडी पेटवू नये. मोराचे पीस सापडले तर पाहावे आणि तिथेच ठेवावे. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्यावे. ते 'नाही' म्हणतील, तरी आग्रह करावा. झाडांची नावे त्यांच्यापाशी आहेत. ती आपल्या लेकरांच्या वहीत उतरली नाहीत, तर त्यांच्याबरोबरच जातील.

एस.टी.त आई खिडकीशी बसली होती. मांजरसुंब्याच्या आसपास अंधार पडू लागला तेव्हा ती हळूच म्हणाली, "रिकाम्या डोक्यानं रानातून कधी आले नव्हते मी." मग थोड्या वेळाने तिने विचारले, "सीताफळाचे डोळे दसऱ्याला उघडतील. तेव्हा जायचं का पुन्हा?"